गणवेश कोणी शिवला?

साडी घ्यायला गेलं की आपण दुकानदाराला किती प्रश्न विचारतो! रंग जाईल का, कापड आटेल का, फॉल कुठला लावू? एक प्रश्न मात्र आपल्या तोंडून सहसा निघत नाही, की हे विणणारीला, शिवणारीला काय मिळालं? आपली एकटीची खरेदी ती केवढी, त्यामुळे आपण विचारून फार काही होणारही नाही म्हणा. पण आपल्याहून कितीतरी मोठं एक गिऱ्हाईक आहे. ते एका दमात हजारो नगांची ऑर्डर देतं आणि पैसे मात्र तुमच्या-माझ्या करातले. ते गिऱ्हाईक म्हणजे सरकार. पोलिसांचे, सफाई कामगारांचे, शाळेतल्या मुलांचे गणवेश, सरकारी दवाखान्यातल्या चादरी, सगळं तेच घेतं. मग या गिऱ्हाइकाला कोणी विचारायचं?

अमेरिकेत काही गावांनी विचारलं. तिथं मेन नावाच्या राज्यात बँगोर हे शहर आहे. शहर म्हणायचं एवढंच, वस्ती तीस-बत्तीस हजार, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव. या राज्यात पूर्वी बुटांचे आणि कापडाचे पुष्कळ कारखाने होते, ते एकामागून एक बंद पडले. स्वस्त मजुरी असेल तिकडे काम निघून गेलं. बँगोरच्या काही मंडळींचं मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशातल्या कारास्के नावाच्या खेड्याशी मैत्रीचं नातं होतं. त्या देशातही अमेरिकेच्या दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने आहेत. दिवसभर मान वर करायची नाही, ओव्हरटाईमला नाही म्हणायची सोय नाही, हातात येणारा पैसा घरखर्चालाही पुरत नाही, अशा कारखान्याला तिकडे ‘स्वेटशॉप’ म्हणतात. तिथं मशीनवर बसणाऱ्या बहुतेक पोरीबाळीच.

बँगोरकरांनी आधी गावातल्या दुकानांकडे मोर्चा वळवला. कपडे माणुसकीच्या अटी पाळून शिवलेले असावेत, असा ठराव १९९७ मध्ये नगर परिषदेनं केला. त्याच वर्षी ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड या शहरानं एक पाऊल पुढे टाकलं. स्वेटशॉपमधला माल पालिका विकत घेणार नाही, असं तिनं ठरवून टाकलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. दुकानदारावर सक्ती करणं अवघड असतं; पण आपल्याच पालिकेनं आपल्याच पैशातून काय घ्यावं, हे सांगायला आपल्याला कोण अडवणार? मेन राज्यात पुढं हीच मागणी धरली गेली आणि २००१ मध्ये तिथं कायदा झाला. राज्याला कपडे, बूट पुरवायचे असतील, तर ठेकेदारानं कामगारांच्या हक्कांची आचारसंहिता पाळतो असं लिहून द्यायचं.

आता तुम्ही म्हणाल, लिहून द्यायला काय जातं? अगदी बरोबर. ठेकेदार सही करतो, काम पोटठेकेदाराकडे जातं, तिथून आणखी तिसरीकडे. म्हणून लॉस एंजेलिसनं २००४ मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोनं २००५ मध्ये नियम केले, तेव्हा कारखान्यांची तपासणी बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे दिली. माल कुठल्या कारखान्यात शिवला, हे नाव-पत्त्यासह सांगा, हीच खरी मेख. पत्ता कळला तरच कोणी तिथं जाऊन बाईला विचारू शकेल ना!

तरी सगळं सुधारलं असं नाही. २४ नोव्हेंबर २०१२ ला बांगलादेशात ढाक्याजवळ ताजरीन फॅशन्स हा कारखाना जळाला, किमान ११२ जण गेले. त्यात अमेरिकेच्या मरीन दलाचं चिन्ह असलेले कपडे सापडले. सरकारनं ते थेट शिवून घेतले नव्हते, परवाना घेतलेल्या कंपनीचे होते, असं सांगण्यात आलं. असेल. पण चिन्ह कोणाचं होतं?

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा नियम आहे, तो आपल्याकडेही आहे. ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याला काम. कापडाचा भाव ठरलेला, वीजबिल ठरलेलं, मग दर खाली आणायचा तर कात्री कुठं लागते? शिलाईवर. आमच्या गल्लीतल्या वहिनी घरी नगावर शिवणकाम घेतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘ताई, ठेकेदार बदलतो, दर बदलत नाही. दोरा, सुई, मशीनचं तेल सगळं माझंच.’’

आपल्या राज्यात २०२४ मध्ये शाळांच्या गणवेशाची शिलाई महिला बचतगटांकडे दिली गेली. कल्पना चांगली होती, गावातल्या बाईला गावात काम. पण शिलाईचा दर परवडत नाही, अशी कुरकूर गटांतून झाली, गणवेशही बऱ्याच शाळांत उशिरा पोचले. पुढच्या वर्षापासून ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. वेळेवर गणवेश का नाहीत, याची चर्चा खूप झाली. एक गणवेश शिवायला किती तास लागतात आणि त्याचे किती मिळावेत, याची फारशी ऐकू आली नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. म्हणजे तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथं असणार. कोटेशन समोर आलं की ‘एकूण किती’ या आकड्याखाली ‘शिलाई किती’ हाही रकाना मागा. नगरपालिकेच्या गणवेशांचं विचारायचं, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. साध्या कागदावर लिहायचं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. आमच्या पालिकेसाठी मी वहिनींना घेऊन अर्ज लिहिलाय. सफाई कामगारांच्या गणवेशाचा ठेका कोणाला, ते कुठं शिवले आणि शिवणारीला नगामागे किती, एवढे तीनच प्रश्न. तिसरा वहिनींनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. सोमवारी देऊन येऊ.