कापणं थांबतं, शिवणं नाही

हैदराबादच्या कोठी भागातल्या सुलतान बाजारात एखाद्या मॅचिंग सेंटरसमोर दुपारी उभं राहिलं, तर एक दृश्य हमखास दिसतं. बाई पिशवीतून साडी काढते आणि तिचा काठ उलगडून फळीवर धरते. दुकानदार मागच्या रांगेतून टू बाय टू रुबियाचे तीन-चार तुकडे ओढतो. ट्यूबलाइटखाली सगळेच जुळल्यासारखे वाटतात. मग साडी आणि तुकडे घेऊन दोघंही पायरीपर्यंत येतात, आणि उन्हात धरल्यावर कळतं की मोरपंखी म्हणून काढलेला तुकडा जरा जास्तच हिरवा आहे. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. शेवटी ऐंशी सेंटिमीटर किंवा मीटरभर कापड, फॉल आणि दोऱ्याचं एक रीळ पिशवीत पडतं.

खरा प्रश्न घरी गेल्यावर उभा राहतो. घराचं काम काढलेलं असेल, बदलीचं सामान बांधायला घेतलं असेल, सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा मुलीचं लग्न दीड महिन्यावर आलेलं असेल, तर ती पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते. तिथे तिच्या आधीच्या दोन पिशव्या बसलेल्याच असतात. शिवणटिपणाची आवड असलेल्या कुठल्याही बाईला हा कप्पा ओळखीचा आहे.

आवड सुटते ती वेळ नसतो म्हणून, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण कामाचे टप्पे सुटे करून पाहिले, तर वेगळंच दिसतं. ब्लाउज शिवायचा तर आधी कापड धुऊन आटवायचं, इस्त्री करायची, मग जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर पसरून मापं टाकायची, खडूने आखायचं आणि कापायचं. याला सहा फूट मोकळी जागा लागते आणि तासभर कुणी हाक मारून चालत नाही, कारण मुंढ्याला अर्धा इंच चुकला तर कापड गेलं. टाचायला उजेड लागतो. मशीनवर टीप मारायला मशीन मांडलेली लागते. हातशिलाईला मात्र मांडीवर मावेल एवढीच जागा पुरते. हेम घालणं, हूक लावणं, काजं करणं, फॉल लावणं, ही सगळी कामं दवाखान्याच्या बाकावरही होतात.

म्हणजे घर विस्कटलं की अडतं ते कापणं. शिवणं त्याच्याबरोबर उगाच थांबतं.

आणि विस्कटणं काय असतं, हे कोठीला कुणी सांगायला नको. या भागाचं नावच ब्रिटिश रेसिडेन्सीच्या कोठीवरून पडलं. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिकने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बांधवून घेतली आणि पुढे तिच्यात मुलींचं कॉलेज आलं. रेसिडेन्सीभोवतीचे बाजार ब्रिटिशांच्या अखत्यारीत होते. ते 1933 मध्ये निजामाकडे परत गेले आणि सुलतान बाजार झाले. विवेकवर्धिनी शाळा 1907 मध्ये सुरू झाली आणि मराठी वस्तीला इथे हक्काचं ठिकाण मिळालं. पुढच्याच वर्षी, 28 सप्टेंबर 1908 ला, मुसी नदीच्या पुराने काठची हजारो घरं धुऊन नेली. मग 1948 च्या पोलिस कारवाईची धामधूम आली. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचेच तीन वाटे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला जोडले गेले आणि तेलंगण आंध्र प्रदेशात आलं. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली आणि अनेक मराठी कुटुंबांनी हैदराबादचं बिऱ्हाड हलवलं.

अशा हलवाहलवीत सगळ्यात वर वळकटी असे, आणि वळकटीत गोधडी. कपबश्या गुंडाळायला गोधडी, रेल्वेच्या बाकड्यावर अंथरायला गोधडी, नव्या गावातल्या रिकाम्या खोलीत पहिल्या रात्री टेकायलाही तीच. घरातल्या शिवणकामातली सगळ्यात जुनी वस्तू सगळ्यात आधी कामाला येई.

गोधडी टिकून राहिली यामागे मायेइतकंच तिच्या रचनेतलं शहाणपणही आहे. नऊवारी साडी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. तिचे सारखे चार तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरचा. दोन शेजारी शेजारी जोडून वरचं अंग, दोन जोडून खालचं, आणि मध्ये जुनी धोतरं, पंचे, विरलेल्या चादरी. मापात कापायचं असं जवळजवळ काहीच नाही. म्हणजे जो टप्पा अडतो, तोच इथे गाळलेला आहे. उरतो तो धावदोरा. सुई खाली, सुई वर. काठापासून सुरुवात करून फिरत फिरत मध्याकडे यायचं. दोरा संपला की गाठ मारायची, दूध उतू जायला लागलं की सुई टोचून उठायचं. परत येऊन बसलं की मागचा टाकाच पुढची वाट दाखवतो, कुठे होतो ते आठवावं लागत नाही. एकीने सुरू केलेली ओळ शेजारणीने पुढे नेली तरी गोधडीचं काही बिघडत नाही. दोघींचे टाके कमी-जास्त लांबीचे पडतात, एवढंच. जुन्या गोधडीवर बोट फिरवलं तर हात बदलल्याची जागा सापडते. तेलुगू घरांत हिलाच बोंत म्हणतात. कापडही दोन्हीकडे चालेल असं. नारायणपेठेची सुती साडी तेलंगणात विणली जाते आणि मराठी बायका तिच्यावर जीव टाकतात. धुऊन धुऊन ती इतकी मऊ होते की गोधडीचं वरचं अंग म्हणून तिच्यासारखं कापड नाही.

तेलंगणातल्या लंबाडी बायकांनीही काम असंच कधीही थांबवता येईल एवढं ठेवलं. मीठ आणि धान्य बैलांवर लादून मुलूखभर हिंडणारा हा समाज. त्यांचं आरसे-कवड्यांचं भरतकाम तळहाताएवढ्या पट्ट्यांत होई आणि नंतर घागऱ्याला नाहीतर चोळीला जोडलं जाई. तळ उठला की पट्टी कमरेला खोचून पुढे निघता येतं.

याहून टोकाचं उदाहरण सिंगापूरचं आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, जपान्यांनी तिथल्या युरोपीय बायका-मुलांना चांगी तुरुंगात कोंडलं. नवरे त्याच तुरुंगाच्या दुसऱ्या भागात किंवा सैनिकांच्या छावणीत होते, पण जिवंत आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नव्हता. एथेल मलव्हानी या कॅनडाच्या बाईंच्या पुढाकाराने कैदेतल्या बायकांनी गोधड्या करायला घेतल्या. प्रत्येकीला सुमारे सहा इंचांचा पांढरा चौकोन मिळाला. त्यावर स्वतःचं नाव आणि आपली म्हणून काहीतरी खूण भरायची. कुणी घर भरलं, कुणी फुलं, कुणी तुरुंगाची खोली. सहासष्ट चौकोनांची एक, अशा तीन गोधड्या झाल्या. जखमी सैनिकांसाठी म्हणून त्या पुरुषांच्या छावणीच्या रुग्णालयात पोचल्या आणि तिथे नावं वाचली गेली. ब्रिटिश रेडक्रॉस आणि ऑस्ट्रेलियाचं युद्धस्मारक यांनी त्या आजही जपून ठेवल्या आहेत.

इथे सहा इंच हे माप महत्त्वाचं. कैदेतल्या बाईला पूर्ण चादर भरायला दिली असती, तर ती झाली नसती. सहा इंच मात्र होतात.

पुन्हा कोठीकडे येऊ. सुलतान बाजाराच्या चिंचोळ्या रस्त्यावरून मेट्रो नेऊ नये म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी अनेक वर्षं विरोध केला. मार्ग बदलण्याचंही घाटत होतं. पण शेवटी खांब तिथेच उभे राहिले आणि 7 फेब्रुवारी 2020 ला जुबिली बस स्टेशन ते महात्मा गांधी बस स्टेशन हा अकरा किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. पुढच्या दीड महिन्यात टाळेबंदी लागली आणि सगळंच बंद झालं. माणसं घरात कोंडली गेली, आणि गंमत अशी की माळ्यावरच्या शिवणयंत्रांना त्याच दिवसांत तेल मिळालं. घरी मुखपट्ट्या कशा शिवाव्या याची पुस्तिका केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने काढली, आणि मशीन नसलेल्यांसाठी वेगळी कृतीही त्यात दिली. चौकोन, चुण्या आणि चार बंद, इतकं साधं काम. कित्येकींचा सुटलेला हात त्या चौकोनावर परत बसला.

आज घरात उलथापालथ चालू असताना हा हात राखायचा, तर जुन्या बायकांची रीत ब्लाउजलाही लावता येते. एखाद्या मोकळ्या रविवारी, घर शांत असताना, तीन-चार कपडे एकदम कापून घ्यावेत. प्रत्येकाचे भाग, अस्तर, दोरा, हूक आणि मापाची चिठ्ठी एका पिशवीत घालून तोंड बांधावं. मग पुढचे दोन महिने खडू-कात्री निघाली नाही तरी हाताशी शिवायला काहीतरी असतं. रोज वीतभर झालं तरी चालतं. हात राखायला फॉलपेक्षा सोपी सुरुवात नाही, आणि पिकोच्या दुकानात तो लावायला टाकण्याऐवजी हाताने लावला तर साडीचा झोळ कमी येतो, हा अनुभव अनेकींचा आहे.

मशीनची तजवीज मात्र नीट करावी लागते. घराचं काम निघालं की सगळ्यात मोठा शत्रू सिमेंटची धूळ. ती तेलात बसली की मशीन जड चालते. म्हणून बांधून ठेवण्याआधी ब्रशने शटलजवळचा कापसासारखा मळ काढावा, बॉबिन केस काढून डबीत ठेवावी, दाबपट्टीखाली सुती कापडाची दुहेरी घडी घालून पट्टी खाली सोडावी आणि जुन्या चादरीत सगळं घट्ट गुंडाळावं. बिडाचं डोकं दहा-बारा किलोंचं असतं. ते टेबलासकट उचलायला गेलं की बिजागरीवर ताण येतो, म्हणून वेगळं काढून न्यावं. परत मांडल्यावर पहिलं काम तेल, दुसरं नवी सुई. साध्या सुती कापडाला 14 नंबरची, जाडाला 16 ची. पहिली टीप कपड्यावर न मारता चिंधीवर मारावी, कारण तेलाचा काळा डाग तिथेच पडून जातो.

या खटाटोपातून मिळतं काय, हे विचारणारेही घरातच असतात. जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी 2013 मध्ये विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. जे वारंवार विणत होते, त्यांनी शांत आणि प्रसन्न वाटण्याची नोंद अधिक केली. पाहणी लोकरीच्या सुयांची होती, शिवणाची नव्हे, आणि आधीच शांत असणारी माणसं जास्त विणतात असंही असू शकतं. तरी धावदोऱ्याची लय ज्यांच्या बोटांना माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. ज्या दिवसांत घरातलं एकही काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही, त्या दिवसांत ओळीने पडलेले वीस टाके डोळ्यांसमोर दिसत राहतात.

उठताना सुई कुठे टोचायची, यालाही एक रीत आहे. अर्ध्या ओळीत, दोऱ्यासकट, काठापासून दोन बोटं आत, म्हणजे घडी घालताना हाताला लागत नाही आणि लहान मुलांच्या बोटांपर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात मात्र रात्रभर तशी ठेवू नये. दमट हवेत सुई गंजते आणि तांबूस ठिपका कापडात उतरतो. आडवा टाका घालून दोरा अडकवायचा, सुई काढून डबीत टाकायची, आणि सकाळी चहा उकळेपर्यंत पुन्हा ओवून घ्यायची.