सलाबतजंगाचा महाल आणि उदगीरचं रणांगण

नांदेड-लातूरकडची मंडळी दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी हैदराबादला जातात. चारमिनार पाहतात, लाड बाजारात बांगड्या घेतात आणि परततात. तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचा निजामांचा चौमहल्ला महाल मात्र राहून जातो. तो पाहायलाच हवा (शुक्रवारी बंद असतो). त्याचा आपल्याशी जुना संबंध आहे.

हा महाल १७५० च्या सुमारास निजाम घराण्यातल्या सलाबतजंगाने बांधायला घेतला. हाच सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या लढाईत मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्यापुढे हरले. मराठ्यांच्या बाजूच्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने निजामाची फौज खिळखिळी केली. तहात साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मराठ्यांकडे गेले. भाऊ पुढच्याच वर्षी पानिपतावर पडले, तर सलाबतजंगाला १७६२ मध्ये निजामअलीनेच पदच्युत केलं. महाल पुरा झाला तो पाचव्या निजामाच्या, अफजलउद्दौलाच्या काळात.

खिलवत मुबारक या दरबार महालात थोडं थांबावं. वर एकोणीस झुंबरं, समोर संगमरवरी चौथरा. गादी याच चौथऱ्यावर मांडली जाई. आवारात १९१२ ची पिवळी रोल्स रॉईस आहे. ती मागवणारा सहावा निजाम १९११ मध्येच वारला होता.

झुंबरांवरून नजर हटत नाही, पण मला आठवतो सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खासगी खर्चाला लावून दिलेला मुलूख. त्यात मराठवाड्यातलीही गावं होती. तिथल्या कुणब्याचा सारा थेट या वैभवात जिरला. नांदेडच्या उस्मानशाही मिलला ज्याचं नाव मिळालं, तो मीर उस्मान अली खान शेवटचा निजाम. त्याच्या हाली रुपयावर चारमिनार होता. शहर न पाहिलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना तो त्या नाण्यामुळे ठाऊक होता. १७ सप्टेंबर १९४८ ला उस्मान अलीने भारतापुढे शरणागती पत्करली आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून सुटले.

चौमहल्ला आज देखणा दिसतो, कारण घराण्यातल्या राजकुमारी एसरा यांनी जीर्णोद्धार मनावर घेतला. २००५ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला, २०१० मध्ये युनेस्कोनेही त्या कामाचा गौरव केला. उदगीरच्या किल्ल्यातही १७६० च्या लढाईचं असंच नेटकं दालन हवं: रणांगणाचा नकाशा, तहाची कलमं, आणि दोन्ही बाजूंची माणसं.