निषिद्ध रेषांचं घर

कोरमंगलाच्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं आवार आहे. भोवती स्टार्टअप कंपन्यांची कार्यालयं, दर्शिनींमधली फिल्टर कॉफी आणि रात्री उशिरापर्यंत न थांबणारी वाहतूक. नोकरीसाठी बेंगळुरूला आलेली कितीतरी मराठी मुलं या फाटकासमोरून रोज जातात. आत मोठमोठ्या दुर्बिणी असतील, असा बहुतेकांचा समज असतो. पण त्या दुर्बिणी लांब आहेत. तमिळनाडूत कावलूरला २.३४ मीटर व्यासाची वेणू बाप्पू दुर्बीण आहे, तर लडाखमध्ये हानले गावी, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण. कोरमंगलात येतो तो त्यांनी टिपलेला प्रकाश, आकड्यांच्या रूपात. तो वाचायचा तर अणूची भाषा यावी लागते. म्हणूनच ताऱ्यांच्या या घरात अणूंचे हिशेब मांडणारी माणसंही बसत आली आहेत, आणि मला या संस्थेची ओढ वाटते ती मुख्यतः त्यांच्या कामामुळे.

या घराची पाळंमुळं १७८६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या वेधशाळेपर्यंत जातात. पुढे कोडाईकनाल, आणि १९७१ मध्ये वेणू बाप्पूंच्या नेतृत्वाखाली स्वायत्त संस्था. एक धागा थेट पुण्याचाही आहे. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली होती. १८९८ च्या जानेवारीतलं खग्रास ग्रहण पाहायला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वर्णपटमापक घेऊन गेले होते. ते निवृत्त झाल्यावर, १९१२ मध्ये, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिथली २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. ती आपल्याकडून गेली याची हळहळ वाटते, पण तिकडे ती कामी आली.

त्याआधीचं, १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण कोकणाला चांगलं ठाऊक आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध तिथे लागला असं सांगतात. या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते नॉर्मन लॉकयर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या ज्वाळांमधली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना पाहिली. मात्र ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून गेली हे खरं, आणि तीच सावली पुढे मछलीपट्टणमला पोचली तेव्हा मद्रास वेधशाळेचे पॉग्सन तिथे वर्णपट पाहत उभे होते, हेही खरं. म्हणजे कोरमंगलाच्या या घराचे पूर्वज त्या दिवशी हजर होते.

पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, अमेरिकेतल्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली, ५३०.३ नॅनोमीटरवर. कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. हेलियमचं उदाहरण ताजं होतं, तेव्हा हेही नवं मूलद्रव्य मानून त्याला ‘कोरोनियम’ नाव दिलं गेलं. उलगडा व्हायला सत्तर वर्षं लागली. ती रेषा आपल्या रोजच्या लोखंडाचीच होती. फक्त त्या लोखंडाच्या अणूने २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावले होते, कारण प्रभामंडळाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे. आणि ती रेषा ‘निषिद्ध’ होती.

हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. अणूतला इलेक्ट्रॉन एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर जाताना प्रकाश घेतो किंवा सोडतो. यातले काही मार्ग सोपे असतात. उत्तेजित इलेक्ट्रॉन तिथून काही नॅनोसेकंदांत खाली उतरतो. त्यांना द्विध्रुवी संक्रमणं म्हणतात. काही मार्गांवर हा सोपा व्यवहार नियमाने वर्ज्य असतो. तिथून उतरायला इलेक्ट्रॉन मिलिसेकंद, सेकंद, कधी वर्षंही लावतो. पृथ्वीवरच्या दाट हवेत तेवढी उसंत मिळत नाही, आधीच दुसरा अणू येऊन आदळतो. सूर्याच्या प्रभामंडळात अणू इतके विरळ आहेत की लोखंडाला आपला सेकंदाचा साठावा भाग निवांत मिळतो, आणि ती हिरवी रेषा उजळते. निषिद्ध मार्ग आधी आकाशाने दाखवले. प्रयोगशाळा मागून आली.

कोरमंगलात भानू प्रताप दास यांच्या गटाने हे मार्ग गणिताने मोजायचं काम वर्षानुवर्षं केलं. गटाचं नाव होतं ‘नॉन-ॲक्सिलरेटर पार्टिकल फिजिक्स’, म्हणजे महाकाय त्वरक न वापरता, अणूंच्या आधारे मूलकणांचे प्रश्न सोडवणं. २००६ मध्ये बिजय कुमार साहू, दास आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम यांच्या आयनांतल्या अशा दीर्घायुषी पातळ्यांची आयुष्यं काढून प्रसिद्ध केली. काम ऐकायला सोपं वाटतं. पण कॅल्शियमच्या एका आयनात १९ इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक जण बाकीच्यांना ढकलत असतो. गर्दीच्या लोकलमध्ये एकाने पाय हलवला की सगळा डबा थोडा सरकतो, तसं. शिवाय सापेक्षतेचे परिणाम धरावे लागतात. हा सगळा सरकाव हिशेबात घेणारी ‘कपल्ड क्लस्टर’ ही पद्धत या गटाने हत्यारासारखी परजली. कॅल्शियमच्या आयनातली ती पातळी सुमारे १.२ सेकंद टिकते. शेजारची सोपी पातळी सात नॅनोसेकंद. फरक सोळा-सतरा कोटी पटींचा.

आता प्रकाशाच्या बाजूने पाहू. साध्या लेसरच्या प्रत्येक तरंगाची पुढची बाजू सपाट असते, जणू कॅटमधले पत्ते एकामागे एक रचलेले. १९९२ मध्ये लेस अ‍ॅलन आणि नेदरलँड्समधल्या लायडनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हीच बाजू मळसूत्रासारखी पिळलेली असेल, तर प्रकाशाच्या प्रत्येक कणाजवळ त्या पिळाचा कोनीय संवेग असतो. ध्रुवणामुळे येणारा संवेग वेगळा, हा त्यावरचा. अशा किरणाचा छेद मेदूवड्यासारखा दिसतो: भोवती तेजाचं कडं, मधोमध काळोख. जिना जसा मधल्या खांबाभोवती फिरतो तसा तरंग त्या काळोखाभोवती फिरतो, आणि खांबाच्या जागी सर्व दिशांचे तरंग एकमेकांना पुसून टाकतात. सर्पिल जाडीची काचेची चकती किंवा द्रवस्फटिकांचा पडदा वापरून आज असा किरण अनेक प्रयोगशाळांत तयार होतो.

हा पीळ अणूतल्या इलेक्ट्रॉनला देता येईल का? अडचण मापाची आहे. प्रकाशाची तरंगलांबी अणूपेक्षा हजारो पट मोठी. समुद्राची लाट कितीही वळणदार असली तरी तिच्यावरच्या तांदळाच्या दाण्याला आपण फक्त वर-खाली होतोय एवढंच कळतं. सोप्या संक्रमणाला प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची ताकद तेवढी कळते, वळण कळत नाही. पीळ मिळालाच तर अख्ख्या अणूच्या हालचालीला मिळतो. निषिद्ध मार्गाची गोष्ट मात्र वेगळी. अशा मार्गांतलं चतुर्ध्रुवी संक्रमण क्षेत्राच्या ताकदीवर चालत नाही. जागेगणिक क्षेत्र किती झपाट्याने बदलतं यावर चालतं. आणि पिळलेल्या किरणाच्या मधोमध, जिथे प्रकाश शून्य असतो, नेमका तिथे हा बदल तीव्र असतो. अणू आणि पिळलेला प्रकाश यांच्यातल्या या देवाणघेवाणीचं गणित आपल्याकडेही मांडलं गेलं: २०१४ मध्ये प्रदीप मंडल, बिमलेंदू देब आणि सोंजय मजुमदार यांनी. मजुमदार त्याआधी कोरमंगलातल्या दासांच्या गटात काम केलेले.

२०१६ मध्ये जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात फर्डिनांड श्मिट-कालर यांच्या प्रयोगशाळेने हे प्रत्यक्ष करून दाखवलं. विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात कॅल्शियमचा एकच आयन पकडला, थंड केला आणि ७२९ नॅनोमीटरच्या पिळलेल्या किरणाच्या काळोख्या मध्यावर ठेवला. हा तोच मार्ग, ज्याचं आयुष्य कोरमंगलात कागदावर निघालं होतं. आयन वर गेला की नाही हे पाहायची युक्ती फार सुंदर आहे. दुसरा, ३९७ नॅनोमीटरचा जांभळट किरण सोडला तर खालच्या पातळीवरचा आयन लखलखत राहतो. वर जाऊन बसलेला आयन काळा पडतो. तसा तो काळा पडला. इलेक्ट्रॉनने ध्रुवणाचा एक आणि पिळाचा एक असा दोन एककांचा कोनीय संवेग उचलला होता. प्रकाश नसलेल्या जागी उभा राहून अणूने प्रकाश घेतला! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

याचा व्यवहारातला उपयोग घड्याळांना आहे. निषिद्ध मार्ग जितका अवघड, तितकी त्याची रेषा बारीक आणि तिच्यावर चालणारं घड्याळ तितकं अचूक. यटर्बियमच्या आयनात असा एक अष्टध्रुवी मार्ग आहे, जिथे इलेक्ट्रॉन वर्षाहून जास्त काळ टिकतो. त्याला वर चढवायला लेसर इतका प्रखर लागतो की त्याच्या क्षेत्राने पातळ्याच थोड्या सरकतात आणि घड्याळ चुकतं. जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थेने, ब्राउनश्वाइगमध्ये, २०२२ साली हाच मार्ग पिळलेल्या किरणाच्या काळोखात उघडून दाखवला आणि तो सरकाव बराच कमी आढळला. पुण्यात आयुकाच्या प्रयोगशाळेतही यटर्बियमच्या आयनाचंच घड्याळ घडवायचं काम चालू आहे.

या घड्याळांत एकेका आयनाला जपावं लागतं. लेसरच्या अतिलघु स्पंदांचं जग मात्र निराळं, तिथे अणू मुळात शाबूतच राहत नाही. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांचा गट फेम्टोसेकंदांचे स्पंद घन पदार्थावर टाकून तप्त प्लाझ्मा तयार करतो. २०१२ मध्ये त्यांनी अशा प्लाझ्मातल्या खळबळत्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा काढला. मागून सोडलेल्या दुसऱ्या स्पंदाचं ध्रुवण किती वळलं, ते पाहून. कोरमंगलातले सौरशास्त्रज्ञही सूर्याचं चुंबकत्व ध्रुवणावरूनच वाचतात. त्यांच्या एका हत्याराचं नाव हानले परिणाम: क्षीण चुंबकीय क्षेत्रात अणूने विखुरलेल्या प्रकाशाचं ध्रुवण बदलतं. हे नाव १९२४ मध्ये तो समजावणाऱ्या विल्हेल्म हानले या जर्मन शास्त्रज्ञाचं. लडाखच्या हानले गावाशी त्याचा संबंध नाही. एकाच संस्थेच्या वाट्याला दोन्ही हानले आले, हा निव्वळ योगायोग.

२ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यान निघालं तेव्हा त्यावर याच संस्थेने बेंगळुरूजवळ होसकोट्यात घडवलेला प्रभामंडळदर्शक होता. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर तो सूर्याची तबकडी झाकून प्रभामंडळ न्याहाळतो. जणू कायमचं ग्रहण. ज्या रेषांवर त्याची नजर असते त्यांत १८६९ ची ती हिरवी रेषाही आहे. तिथल्या लोखंडाला कुणी पिळलेला प्रकाश पुरवत नाही. त्याच्यापाशी आहे तो सेकंदाचा साठावा भाग, आणि आदळायला जवळ कुणी नाही.