मिथुन, तूळ आणि रोहा

हृदयविकार आणि त्याची औषधे : लेखांक ९

स्टेंट घातल्यानंतर दोन गोळ्यांची जोडी किती महिने चालवावी, या प्रश्नाचा निकाल आज लावण्याचे मी गेल्या खेपेस कबूल केले होते. परंतु मध्यंतरी रोह्याहून एका वाचक भगिनींचे जे पत्र आले, त्यातील दोन प्रश्न इतके मूलगामी आहेत की त्यांना बगल देऊन मुदतीची चर्चा मांडणे मला प्रशस्त वाटत नाही. सबब तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो.

पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. वडिलांच्या छातीत मध्यरात्रीनंतर कळा सुरू झाल्या. गावातच ईसीजी निघाला. अ‍ॅस्पिरिन चावून खाण्यास दिली, क्लोपिडोग्रेलच्या ७५ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या एकदम दिल्या, रक्ताची गाठ विरघळविणारे इंजेक्शन टोचले आणि मग रुग्णवाहिकेने पनवेलच्या बाजूस रवानगी केली. वडील आता हिंडूफिरू लागले आहेत. तथापि समाचारास आलेल्या मुंबईच्या एका नातलगांनी कागद चाळून शेरा मारला की, 'क्लोपिडोग्रेल आता जुनी झाली, आमच्याकडे याहून वरच्या दर्जाची गोळी देतात'. आणि तेव्हापासून घरात रुखरुख आहे. तेव्हा भगिनींचा पहिला प्रश्न असा की, आमच्या वडिलांना हलके औषध मिळाले काय? आणि दुसरा असा की, ही सारी तुलना परमुलखातील लोकांवर झालेली. तिच्यावरून रोह्याच्या माणसाचा फैसला कसा करावा?

नातलगांच्या म्हणण्यास आधार आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीस क्लोपिडोग्रेल बसविली ती मुख्यतः २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्युअर' या चाचणीने. १२,५६२ रुग्णांत, नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर असलेल्यांपैकी शेकडा ११.४ जणांना हृदयमृत्यू, नवा झटका अथवा पक्षाघात यांपैकी काही ना काही भोगावे लागले. जोडगोळीवर ते प्रमाण ९.३ वर आले. पुढे २००७ साली प्रासुग्रेल हिने १३,६०८ रुग्णांत क्लोपिडोग्रेलला मागे टाकले, १२.१ विरुद्ध ९.९, मात्र गंभीर रक्तस्राव १.८ वरून २.४ वर गेला. २००९ साली टिकाग्रेलोरने 'प्लेटो' या चाचणीत १८,६२४ रुग्णांत तोच पराक्रम केला, ११.७ विरुद्ध ९.८, आणि विशेष म्हणजे कोणत्याही कारणाने होणारे मृत्यूही ५.९ वरून ४.५ वर उतरले. अखेर २०१९ साली या दोन नव्या गोळ्यांचीच आपसांत झुंज लावण्यात आली. ४,०१८ रुग्णांत प्रासुग्रेलच्या बाजूस ६.९, तर टिकाग्रेलोरच्या बाजूस ९.३ असा अनेकांस अनपेक्षित असलेला निकाल लागला.

नव्या गोळ्या सरस का ठरतात, याचे कारण क्लोपिडोग्रेलच्या प्रकृतीतच आहे. पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. तिचा बहुतेक अंश शरीर परस्पर निकामी करून टाकते आणि उरलेल्या थोड्या अंशाला यकृतातील वितंचकांनी दोन पायऱ्यांनी सक्रिय करावे लागते. त्यांपैकी एका प्रमुख वितंचकाचे जनुक काही माणसांत जन्मतःच मंद असते, आणि हे मांद्य आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा अधिक आढळते. प्रासुग्रेललाही सक्रिय व्हावे लागते, परंतु तिची वाट सुकर आहे. टिकाग्रेलोरला तर ती खटपटच नाही, प्लेटलेटच्या ज्या दारावर या दोघी काम करतात, त्याच दाराशी ती थेट जाऊन उभी राहते.

येथवर नातलगांचा पक्ष बिनतोड दिसतो. आता दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे.

या क्षेत्रात एक आख्यायिकेसारखी वाटणारी, परंतु अक्षरशः खरी गोष्ट आहे आणि ती सांगण्याचा मोह मी बरेच दिवस आवरून धरला होता. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये 'इसिस-२' नावाच्या चाचणीचा निकाल आला. ४१७ रुग्णालयांतील १७,१८७ रुग्ण. कोणास अ‍ॅस्पिरिन, कोणास गाठ विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज, कोणास दोन्ही, कोणास काहीच नाही. पाच आठवड्यांअखेर काहीच न मिळालेल्यांत शेकडा १३.२ मृत्यू, तर दोन्ही मिळालेल्यांत ८. इतका लखलखीत निकाल हाती आल्यावर, वृद्धांत काय झाले, स्त्रियांत काय झाले, मधुमेह्यांत काय झाले, अशी निकालाची फोड करून दाखवा, असा आग्रह सुरू झाला. ऑक्सफर्डच्या रिचर्ड पीटो प्रभृती संशोधकांनी या आग्रहास मान दिला, आणि त्याच पंक्तीत रुग्णांच्या राशींप्रमाणे केलेली फोडही मांडून ठेवली! मिथुन व तूळ या राशींच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनने किंचित अपायच होतो आणि उरलेल्या दहा राशींना भरघोस लाभ होतो, असे त्या तक्त्यात दिसते. या राशी जन्मतारखेवरून काढलेल्या, म्हणजे सूर्याच्या. तेव्हा आमच्या पेणेतील एखादे ज्योतिषीबुवा चंद्ररास पाहिल्याखेरीज हा निष्कर्ष मान्य करणार नाहीत, ही गोष्ट अलाहिदा. पीटोंचा इशारा असा होता की, एकंदर निकालाचे पुरेसे तुकडे केले म्हणजे केवळ योगायोगाने कोठे ना कोठे उलटा तुकडा निघायचाच, आणि त्या तुकड्यावरून कोणाचे औषध तोडणे म्हणजे राशीवरून तोडण्यासारखेच आहे.

ही गोष्ट ध्यानात असली म्हणजे 'परमुलखातील लोक' या आक्षेपाचा पुष्कळसा भाग आपोआप गळून पडतो. 'प्लेटो'मध्येच उत्तर अमेरिकेतील रुग्णांत टिकाग्रेलोर उलटी मागे पडलेली दिसली होती; तेथील डॉक्टर अ‍ॅस्पिरिनची मात्रा फार मोठी देत, हे त्याचे संभाव्य कारण पुढे आले आणि टिकाग्रेलोरबरोबर अ‍ॅस्पिरिन रोज १०० मिलिग्रॅमच्या वर नसावी, असा दंडक पडला. तरीही ते कारण खरे की तो मिथुन-तूळेचाच प्रकार, यावर जाणत्यांत एकमत नाही.

परंतु, आणि येथे मी रोह्याच्या बाजूने वकीलपत्र घेतो, रोहा ही काही रास नव्हे. राशीचा तुकडा हा चाचणी संपल्यानंतर, तिच्यात सामील झालेल्या माणसांतून काढलेला असतो. रोह्याचा रुग्ण हा तुकडा नाहीच, कारण त्याला त्या चाचण्यांच्या दारातून आतच घेतलेले नव्हते. प्रासुग्रेलची चाचणी झाली ती अँजिओप्लास्टी ठरलेल्या रुग्णांवर. आणि 'प्लेटो'च्या नियमांत, मागील चोवीस तासांत गाठ विरघळविणारे इंजेक्शन मिळालेल्यांस प्रवेश नव्हता. झटक्याचे निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत धमनी उघडणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचता येत नसेल तर आधी इंजेक्शन द्यावे, हा सर्वमान्य संकेत आहे. कोकण रेल्वे जेथून सुरू होते त्या रोह्यापासून पनवेल लोहमार्गाने सुमारे ७५ किलोमीटर; रस्त्याने जावे तर नागोठणे, वडखळ, पेण असा प्रवास, त्यात महामार्गाच्या रुंदीकरणाचे वर्षानुवर्षे रेंगाळलेले काम. मध्यरात्री रुग्णवाहिका मागवून, रुग्ण चढवून, पलीकडचे पथक जागे करून हे सारे दोन तासांत बसविण्याच्या भरवशावर इंजेक्शन रोखून धरणे हे धाडसाचेच होय.

आणि इंजेक्शनच्या सोबतीस त्याच वेळी कोणती गोळी द्यावी, याचा पुरावा क्लोपिडोग्रेलच्याच दप्तरी जमा आहे. २००५ साली 'क्लॅरिटी' या चाचणीत ७५ वर्षांपर्यंतच्या ३,४९१ रुग्णांना इंजेक्शनबरोबर ३०० मिलिग्रॅमचा पहिला हप्ता दिला, तेव्हा धमनी बुजलेली आढळणे, मृत्यू वा नवा झटका यांचे प्रमाण २१.७ वरून १५ वर आले. त्याच वर्षी चीनमधील ४५,८५२ रुग्णांच्या प्रचंड चाचणीत, ज्यांतील निम्म्याहून अधिकांना असे इंजेक्शन मिळाले होते, रोज ७५ मिलिग्रॅमने मृत्यू ८.१ वरून ७.५ वर उतरले. टिकाग्रेलोरची अशी परीक्षा २०१८ साली 'ट्रीट' या चाचणीत झाली खरी, आणि तीत महिनाभरात मोठा रक्तस्राव वाढला नाही. परंतु ते रुग्ण इंजेक्शननंतर साधारण अकरा तासांनी चाचणीत आले होते आणि त्यांतील दहांपैकी सुमारे नऊ जणांना क्लोपिडोग्रेल आधीच मिळालेली होती. म्हणजे मागाहून बदल करण्यास हरकत नाही, इतकेच ती सांगते.

घरी परतल्यानंतरचा हिशेबही मुंबईहून निराळा असू शकतो. प्रासुग्रेलचा निव्वळ लाभ ७५ वर्षांच्या पुढे व ६० किलोंच्या आतल्या वजनात दिसून आला नाही, आणि पूर्वी पक्षाघात झालेल्यांना तर तिने अपायच केला. आमच्या खारेपाटात भाताच्या खाचरांत हयात घालविलेली कितीतरी माणसे ६० किलो कधी पाहतच नाहीत. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा घ्यावी लागते. चतुर्थी जवळ आली म्हणजे पेणेच्या कारखान्यांतून मूर्तींचे रंगकाम आणि आखणी रात्री-अपरात्री चालते, तेथील कारागिराची संध्याकाळची गोळी चुकली तर तिचा अंमल बाकीच्या दोघींपेक्षा लवकर ओसरतो. शिवाय 'प्लेटो'त तिच्यावर असलेल्या शेकडा १३.८ जणांना धाप लागल्यासारखे झाले, क्लोपिडोग्रेलवर ७.८ जणांना, ही धाप बहुधा निरुपद्रवी असते, पण हृदयाचा झटका येऊन गेलेला मनुष्य धाप लागताच घाबरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करतो, हे मी वरचेवर पाहिले आहे.

मग रोह्यासारख्या ठिकाणच्या प्रश्नांची उत्तरे परक्यांनी काढावीत याचीच वाट पाहावयाची काय? तसे मुळीच नाही, आणि त्याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणाऱ्या आघातासाठी प्राझोसिन हे औषध १९८०च्या दशकात पुढे आणले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मला त्याहून थोर वाटते ती पुढची गोष्ट. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांनी आपले तेच नावाजलेले औषध एका पारड्यात आणि प्राझोसिन अधिक विंचवाची प्रतिलस दुसऱ्या पारड्यात घातली. प्रत्येक बाजूस ३५ रुग्ण. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले एकीकडे ८, दुसरीकडे ३२. रुग्ण महाड परिसरातले, प्रश्न तेथलाच, आणि ज्या औषधाने कीर्ती दिली त्याला एकट्याने अपुरे ठरविण्याची तयारी. चिठ्ठ्या टाकून तुलना करण्याचे कसब ही कोणा महानगराची मिरास नाही.

तेव्हा भगिनींनी नातलगांना असे सांगावे की, त्या रात्री, त्या इंजेक्शनसोबत, वडिलांना जी गोळी मिळाली तिच्याहून अधिक पुराव्याची गोळी मुंबईतही नव्हती. आता पुढे तीच चालवावी की बदलावी, हे त्यांचे वय, वजन, स्टेंट आणि रक्तस्रावाचा पूर्वेतिहास पाहून त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे. तोपर्यंत एकही दिवस गोळी चुकवू नये. आणि रुखरुखच लावून घ्यायची असेल तर ती दुसऱ्या एका आकड्याची लावून घ्यावी: भारतातील ५० शहरांतील २०,९३७ रुग्णांच्या 'क्रिएट' या पाहणीत, २००८ साली, दुखू लागल्यापासून रुग्णालयाची पायरी चढेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे निघाला. या सहा तासांत हृदयाचा जो भाग मरतो, तो जुनी-नवी कोणतीच गोळी परत आणीत नाही. पत्रात दुखणे सुरू झाल्याची आणि इंजेक्शन मिळाल्याची वेळ लिहावयाची राहिली आहे. भगिनींनी ती कळवावी, म्हणजे मुदतीच्या प्रश्नाकडे पुढील आठवड्यात वळताना त्यांच्या वडिलांचाच कागद उदाहरणादाखल घेता येईल.