वायपरची मोटर गेली म्हणण्याआधी: जुन्या गाडीचे वायपर कसे तपासायचे?

मागच्या जूनमध्ये ताम्हिणी घाटातून परत येताना आमच्या गाडीचे वायपर हळूहळू मंदावत गेले आणि शेवटी काचेच्या मधोमध थांबले. गाडी 2007 ची, चालवत होते बाबा, आणि बाहेर धुकं आणि पाऊस दोन्ही. पुढे काही दिसेना. हजार्ड लाइट लावून गाडी जरा रुंद जागा बघून कडेला घेतली आणि पाऊस ओसरेपर्यंत तासभर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये अर्ध्या मिनिटात निकाल लागला: "मोटर गेली, नवीन टाकावी लागेल." मोटर गेली नव्हती. तीच मोटर आजही गाडीत आहे. जुन्या गाडीत वायपर बंद पडले की मोटरवर खापर फुटतं, कारण मोटर बदलणं सोपं असतं आणि शोधत बसणं वेळखाऊ. पण स्विचपासून ब्लेडपर्यंत ही एक साखळी आहे, आणि ती नक्की कुठे तुटली ते घरच्या घरी शोधता येतं.

पहिला प्रश्न: आवाज येतो का?

गाडी बंद, चावी "ऑन"वर, काच ओली करा (कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवू नका, रबर आणि काच दोन्ही खराब होतात). वायपर लावा आणि बोनेटच्या मागच्या कडेला कान द्या. इथेच साखळीचे दोन तुकडे पडतात.

मोटरचा घूंऽऽ आवाज येतोय पण वायपर हलत नाहीत किंवा एकच हलतोय, म्हणजे वीज ठीक आहे, बिघाड यांत्रिक आहे. मोटरच्या गोल फिरण्याचं डावं-उजवं हलणं करणारे जे लोखंडी दांडे असतात, त्याला लिंकेज म्हणतात. त्याचे सांधे प्लास्टिकच्या बुशवर बसलेले असतात. पंधरा-अठरा वर्षांच्या उन्हात बुश कडक होऊन तडकतो आणि दांडा निसटतो. एकच वायपर बंद असेल तर आधी त्याच्या बुडाशी असलेलं प्लास्टिकचं टोपण काढून नट बघा. बऱ्याचदा तो फक्त ढिला झालेला असतो आणि आतला दात्यांचा खांब नुसताच फिरत असतो. पान्याने घट्ट केला की काम झालं. नट बराच काळ ढिला राहिला असेल तर मात्र हाताच्या आतले दाते झिजतात, मग तो हात बदलावाच लागतो.

आवाजच येत नसेल, तर फ्यूज. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर वायपरचं चित्र असतं, तिथे जितके अँपिअर लिहिलेत तितक्याचाच फ्यूज टाका. जास्त अँपिअरचा टाकणं किंवा तार गुंडाळणं म्हणजे वायरिंग जाळायची तयारी. नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा वायपर जाम आहेत. फ्यूज शाबूत असेल तर पुढे जा.

मल्टिमीटर: खरं काम इथे आहे

आमच्या गाडीत आवाज येत होता, पण रडका. अशा वेळी फक्त "करंट येतोय की नाही" बघून भागत नाही. टेस्ट लॅम्प पेटतो, सगळं बरोबर वाटतं, आणि मेकॅनिक मोटरला दोष देतो. मोजायचं असतं ते वायपर चालू असताना, म्हणजे भार असताना, कारण गंजलेला सांधा थोडा करंट आरामात जाऊ देतो आणि जास्त करंट मागितला की अडवतो.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, इंजिन चालू केलं. बॅटरीवर 13.8 व्होल्ट होते. वायपर चालू ठेवून मोटरच्या प्लगमधल्या लाइव्ह वायरवर मोजले, 13.3. म्हणजे येणारी बाजू ठीक. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी मोटरच्या अर्थच्या काळ्या वायरवर ठेवली. इथे जवळपास शून्य यायला हवं, 0.2 च्या वर गेलं की संशय घ्यायचा. आमच्याकडे आले 3.1 व्होल्ट! मोटरच्या वाट्याला उरत होते दहाच्या आसपास.

ती काळी वायर जिथे बॉडीला बोल्टने जोडलेली होती तिथे हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती. ब्लोअरचा अर्थसुद्धा त्याच बोल्टवर होता, म्हणूनच काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर वाढवला की वायपर आणखी मंद व्हायचे. हे लक्षण मी घाटातच बघितलं होतं, पण तेव्हा अर्थ लागला नाही. बोल्ट काढला, कडी आणि बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, घट्ट बसवला, वरून थोडी व्हॅसलीन. खर्च म्हणाल तर पॉलिश पेपरचा.

वायपर पहिल्यासारखे सपासप चालायला लागले. आणि दुसऱ्या दिवशी फ्यूज उडाला.

यावर मी आधी वैतागलो, मग हसलो, कारण ऑफिसमध्ये रोज हेच बघतो: एक बग दुसऱ्या बगला झाकत असतो. वायपर काढून लिंकेज हाताने हलवलं तेव्हा कळलं की ड्रायव्हरच्या बाजूचा खांब त्याच्या नळीत गंजून जवळजवळ अडकला होता. मोटरला जितका अडथळा जास्त, तितका ती करंट जास्त ओढते. आधी खराब अर्थमुळे तो करंट मिळतच नव्हता, म्हणून फ्यूज शाबूत राहिला आणि वायपर नुसते मरगळले. अर्थ सुधारला तसा करंट मिळाला आणि फ्यूजने त्याचं काम केलं. लिंकेज बाहेर काढलं, खांब रॉकेलमध्ये भिजवून मोकळा केला, ग्रीस भरलं. त्यानंतरचा पावसाळा निर्वेध गेला.

हात घालण्याआधी एक सूचना: लिंकेजजवळ काम करताना चावी काढून खिशात ठेवा, फ्यूजही काढा. ही मोटर गिअरमधून फिरते, बोट सापडलं तर ती थांबत नाही.

वायपर खाली जाऊन का बसत नाहीत?

हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो. आधी एक गैरसमज: वायपर अर्ध्यावर असताना चावीच फिरवून बंद केली तर ते तिथेच थांबणार, हा बिघाड नव्हे. लिव्हर बंद करूनही मध्येच थांबत असतील तर मात्र आहे.

लिव्हर बंद केलं तरी मोटरची वीज लगेच जात नाही. मोटरच्या गिअरबॉक्समध्ये एक गोल तबकडी आणि तिच्यावर घासणारे पितळी संपर्क असतात, याला पार्क स्विच म्हणतात. हात खाली पोहोचेपर्यंत हा स्विच दुसऱ्या वाटेने वीज देत राहतो. खाली पोहोचले की तबकडीतली खाच येते, वीज तुटते, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच क्षणी मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरणारी मोटर तेव्हा जनित्र बनते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. म्हणून चांगला वायपर टक्कन थांबतो, घसरत जात नाही.

लिव्हर बंद करताच जागीच थांबतात, म्हणजे ही दुसरी वाट तुटली आहे: पार्क स्विचचे संपर्क काळे पडलेत किंवा त्याची वायर निघाली आहे. बंद केल्यावरही फिरतच राहतात, म्हणजे संपर्क वाकलेत किंवा रिले चिकटला आहे. गिअरबॉक्सचं झाकण काही मोटरमध्ये स्क्रूने उघडतं, मग संपर्क साफ करता येतात. रिव्हेट मारलेलं असेल तर भंगार बाजारात त्याच मॉडेलची मोटर शोधणं सोपं.

दोनपैकी एकच वेग चालत असेल तर लक्षात घ्या, बहुतेक वायपर मोटरमध्ये तीन कार्बन ब्रश असतात आणि हळू-जलदसाठी वेगवेगळे ब्रश वापरले जातात. तो वेग निवडल्यावर प्लगवर वीज येत असेल तर ब्रश झिजलाय, नसेल तर लिव्हरचा स्विच खराब. आणि हळू-जलद दोन्ही चालतात पण थांबून-थांबून चालणारा वेग नाही, तर रिले बघा. जुन्या रिलेमध्ये कपॅसिटर भरायला लागणारा वेळ हाच दोन फेऱ्यांमधला वेळ असतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट कर्न्स यांना अशाच सर्किटचं पेटंट 1967 मध्ये मिळालं, आणि त्यावरून ते पुढे फोर्डशी कोर्टात लढले. 2008 चा "फ्लॅश ऑफ जीनियस" हा सिनेमा त्यावरच आहे, जमल्यास बघा.

ब्लेडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पट्टे राहिले तर रबर बदला. नवं रबरही थरथरत असेल तर काचेवर तेलकट थर आहे, भांड्याच्या साबणाने धुवा. ब्लेड काढताना काचेवर जाड टॉवेल पसरून ठेवा, कारण नुसता धातूचा हात स्प्रिंगने आपटला तर काच तडकू शकते.

सगळं परत जोडताना हात लावण्याआधी मोटर एकदा चालवून बंद करा, म्हणजे ती पार्कच्या जागेवर येईल. मी काढण्याआधी काचेवर ब्लेडच्या रेषेत चिकटपट्टी लावून ठेवली होती, हात त्या रेषेवर बसवून नट आवळले.