प्लँक-काळ म्हणजे काळाचा अणू नव्हे

गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि प्लँकचा स्थिरांक यांच्या मेळातून निघणारा प्लँक-काळ सुमारे ५.४ गुणिले १० चा उणे ४४ वा घात इतके सेकंद भरतो. हाच काळाचा सर्वांत लहान तुकडा, असं सर्रास छापलं जातं. त्याला प्रयोगाचा आधार मात्र नाही. २०२० मध्ये हायड्रोजनच्या रेणूत मोजलेला २४७ झेप्टोसेकंदांचा अवधीही प्लँक-काळाच्या कितीतरी अब्ज अब्ज पट मोठा आहे. पण पुंज-गुरुत्वाच्या काही सिद्धांतांत अवकाश तुकड्यातुकड्यांचं असतं, त्याचं काय? शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या चलांवर त्यांपैकी लूप सिद्धांत उभा राहिला. त्यात क्षेत्रफळ आणि घनफळ ठरावीक पायऱ्यांनीच वाढतं. काळाबाबत तसं सिद्ध झालेलं नाही. २००६ च्या विश्वारंभाच्या गणितात तर अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी बाहेरचं घड्याळ घेतलंच नाही. विश्वातल्याच एका अदिश क्षेत्राचं बदलतं मूल्य त्यांनी घड्याळ म्हणून वापरलं.