रिपोर्ट चांगला, तरी आग थांबेना

"डॉक्टर, रक्त-लघवी सगळं नॉर्मल आलंय, पण आग काही जात नाही," असे दबक्या आवाजात सांगणारे पुरुष जयसिंगपुरात माझ्याकडे नेहमी येतात. गुप्तरोगाची भीती मनातून जात नाही. म्हणून दिवसातून चारदा साबण आणि मेडिकलमधून आणलेले मलम. घोटाळा इथेच! त्या मलमात पुष्कळदा क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड असते. अंडकोषाची त्वचा पातळ, ती औषध भराभर शोषते. चार दिवस बरे वाटते, मग कातडी लाल होते आणि मलम थांबवताच आग भडकते. 2018 मध्ये सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली, तरी ती मिळतात. मलमाची ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा. मलम सुटल्यावर आग शमायला आठवडे, कधी महिने लागतात. रक्तातील साखरही तपासून घ्या. मधुमेहात तिथे बुरशी लवकर धरते.